अठ्ठावीस आणि बारा

३ जानेवारी

ताई,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण इथून फोन लावला की अर्धा वेळ ‘ऐकू येतंय का’मध्ये जातो आणि उरलेला अर्धा तू ‘जेवतोस ना वेळेवर’मध्ये घालवतेस. जेवतो. वजनही वाढलंय. झालं?

आता कामाचं. कंटेनर परवा जहाजावर चढला. कपबश्या तीनशे डझन, पांढऱ्या प्लेटा मोठ्या आणि मध्यम, किटल्या, झाकणाची भांडी, सगळं नेहमीच्याच कारखान्याचं. त्या कारखान्याचा मालक हल्ली निळ्या फुलांच्या जुन्या नक्षीचे वाडगेही बनवतो, दिसायला अगदी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे. पण ते काही मी मागवलेले नाहीत.

कंटेनरच्या अगदी आतल्या अंगाला निळ्या दोरीने बांधलेली तीन खोकी आहेत. ती दुकानातल्या काकांना उघडू देऊ नकोस, तू स्वतः उघड. आत हॉटेलवाल्या शेटचे चाळीस वाडगे आहेत.

ऐकून उडशील. दोनशे वर्षांपूर्वी इथूनच माल भरून निघालेलं एक जहाज दोन दिवसांच्या वाटेवर बुडालं होतं. बंदर खात्याने गेल्या वर्षी पाणबुडे लावून त्यातली चिनी मातीची भांडी वर काढली आणि परवान्याच्या व्यापाऱ्यांना थोडी थोडी करून विकली. अशाच एका व्यापाऱ्याकडून मी घेतले. गंमत बघ, तोही ठोकाचाच माल होता. आपल्यासारख्याच कुणीतरी मागवलेला. तिकडे कुणीतरी काउंटरवर बसून ‘आज येईल, उद्या येईल’ करत म्हातारं झालं असेल.

तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, धुवायचे नाहीत. बुडाला आणि बाहेरून शिंपल्यांचा जो थर बसलाय तोच त्यांचा दाखला. दोन, घासायचे नाहीत. तीन, टिचकी मारायची नाही. मला माहीत आहे, तुझा हात शिवशिवेल, पण दोनशे वर्षं मिठाच्या पाण्यात राहिलेली भांडी आहेत, फुटतील.

शेटचं हॉटेल मार्चमध्ये उघडतंय. त्यांना दर्शनी खोलीतल्या काचेच्या कपाटात बरोबर चाळीस हवे होते, चाळीस मिळाले. ह्यापुढे आपलं दुकान म्हणजे नुसतं कपबश्यांचं दुकान राहणार नाही, बघशील तू.

तुझा,
फुटक्या


९ फेब्रुवारी

फुटक्या,

अनेक आशीर्वाद. माल पोचला. एकशे सात नग फुटले, त्यात नव्वद बश्या. पेंढा कमी घालतात तुझे कारखानदार. काकांनी पन्नास वर्षांत इतका कमी पेंढा पाहिला नाही म्हणे, आणि हे ते दर कंटेनरला म्हणतात.

निळ्या दोरीची खोकी मी उघडली. नाकाला पदर लावून. मासळीबाजार बरा असा वास. काकांनी लांबूनच हात जोडले आणि विचारलं, ‘ह्यात कुणी मेलंय का?’ म्हटलं, दोनशे वर्षांपूर्वी मेले असतील, आता सुतक नाही.

वाडगे सुंदर आहेत रे. शिंपल्यांच्या थराआडून ते निळं फूल दिसतं ना, तेव्हा वाटलं, हे हातात घ्यायला आप्पा हवे होते. धुतले नाहीत, तू सांगितलंस म्हणून. आपल्या दुकानात धुतल्याशिवाय माल फळीवर गेला असं आजवर झालं नव्हतं, ते तुझ्यामुळे झालं. आणि शिक्क्यावर ‘माल वाजवून घ्या’ लिहिलेल्या दुकानात मी टिचकी न मारता माल दिला. बाहेर कुणाला सांगू नकोस.

माल आल्याच्या पुढच्या आठवड्यात शेट स्वतः येऊन खोकी घेऊन गेले. एक पितळी पाटी करून घेतायत, ‘समुद्राच्या पोटातून’ वगैरे. खूश आहेत.

एक विचारू? तू ते चाळीसही स्वतः बघून घेतलेस ना? एकेक हातात घेऊन? उगाच विचारते. तुझं ‘फुटक्या’ हे नाव मी उगाच ठेवलेलं नाही, तू सहा वर्षांचा असताना अख्खा डझन कप पाडलास म्हणून ठेवलं, आपल्या दोघांपुरतं. मी मांजरीचं नाव पुढे केलं म्हणून वाचलास. तेव्हापासून तुझ्या कुठल्याही डझनाची मला धास्ती वाटते.

वेळेवर जेव.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

बघून घेतले होते. चाळीसही. काय हे ताई, मी आता सहा वर्षांचा आहे का?

इथे थोडा कागदांचा घोळ झालाय. घाबरण्यासारखं काही नाही. बंदर खात्याच्या गोदामातून त्या बुडालेल्या मालातले पंधरा वाडगे गायब आहेत. मला ज्याने माल विकला त्याला खात्याने दिलेले वाडगे अठ्ठावीस. जहाजाच्या कागदावर मी पाठवलेले चाळीस. आता सरकारी माणसाला बेरीज-वजाबाकी दिली की तो दुसरं काही बघत नाही. वरचे बारा कुठून आले, असं तपास अधिकारी विचारतायत. माणूस सभ्य आहे, चहा पाजतो, पण माझा पासपोर्ट त्याच्या खणात आहे. तोवर मला हे शहर सोडता येणार नाही, एवढंच.

मी निस्तरतो. मला फक्त थोडे दिवस दे.

महत्त्वाचं: ते तुला पत्र पाठवतील. पाठवलं तर उत्तर देऊ नकोस. हो नको, नाही नको, काहीच लिहून देऊ नकोस. मी सांगेपर्यंत थांब. का ते मग सांगेन. एवढं एक माझं ऐक.

शेटना ह्यातलं काही बोलू नकोस.

फुटक्या


२ मार्च

फुटक्या,

तुझं पत्र काल हातात पडलं. उशीर झाला रे. तपास अधिकाऱ्यांचं पत्र त्याआधीच तीन दिवस येऊन गेलं होतं आणि मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. तू ज्याला ‘काहीच लिहून देऊ नकोस’ म्हणतोस, ते मी शिक्का मारून लिहून दिलंय.

पण काळजी करू नकोस, तुझ्या बाजूनेच लिहिलंय. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे आलेले चाळीसही वाडगे त्याच जहाजातले आहेत काय, की त्यांत दुसरा काही माल आहे? मी काय ते ओळखलं. म्हटलं, कुणीतरी माझ्या भावावर खोटा माल खपवल्याचा आळ घेतंय. मग मी चांगलं ठणकावून लिहिलं. चाळीसही वाडगे समुद्रातले आहेत, सगळ्यांवर सारखाच थर होता, मी स्वतः एकेक हाताळला आहे, माझ्या वडिलांनी मला नुसत्या आवाजावरून माल ओळखायला शिकवलं आहे आणि ह्या पेढीला आपला शब्द आजवर कधी परत घ्यावा लागलेला नाही. खाली सही, सहीवर शिक्का.

तू म्हणशील, टिचकी मारली नव्हतीस ना? ते असू दे. वेळ पडली की माणूस जरा जास्त बोलतो. मला काय माहीत आहे आणि काय नाही, ते माझ्याजवळ राहील. तू निश्चिंत रहा.

इकडे शेटचं हॉटेल उघडलं. कपाटात दिवे लावलेत. लोक जेवण सोडून ते बघत उभे राहतात. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं.

पासपोर्ट मिळाला की तार कर.

ताई


१२ मार्च

ताई,

तुझ्या पत्राची प्रत मी काल वाचली. तपास अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर ठेवली. शिक्का अगदी स्वच्छ उमटलाय.

आता सांगतो, कारण आता न सांगून काही वाचत नाही. त्यातले बारा वाडगे समुद्रातले नाहीत. नवे आहेत. जुन्या नक्षीचे वाडगे बनवणारा जो कारखाना मी तुला सांगितला, त्याचे. मला अठ्ठावीसच मिळाले होते आणि मी शेटना चाळीस कबूल करून बसलो होतो. म्हटलं, काचेमागे ठेवणार, कोण बघतंय. बाराच्या बुडावरचे कारखान्याचे छाप घासून काढले. बंदराच्या अंगणात खऱ्या मालावरून गळून पडलेला शिंपल्यांचा चुरा पोत्याने पडलेला असतो. तो आणला आणि सरसाने चिकटवला. चार दिवस लागले. तुला सांगायला लाज वाटते, पण काम करताना मला मजा येत होती. जमलं की टाळी वाजवावीशी वाटत होती.

मग खात्याने हिशेब मांडला आणि त्यांना वाटलं, वरचे बारा मी त्यांच्या गोदामातून चोरले. पहिले काही दिवस मी गप्प बसलो. वाटलं, तुला कळायला नको, काहीतरी होईल. शेवटी मान खाली घालून सांगून टाकलं की साहेब, चोरी नाही, नक्कल आहे. खोटेपणा केलाय, पण तो शेटशी. तुमच्या समुद्राशी नाही.

ते हसले. म्हणाले, चोर सापडला की माल खोटाच होता म्हणतो. आणि तुझं पत्र पुढे सरकवलं. ‘तुझी सख्खी बहीण आहे. जन्म भांड्यांत गेलेली बाई आहे. ती म्हणते चाळीसही खरे. मी तुझं ऐकू की तिचं?’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, ताई. माझा हात आणि तुझं अवलक्षण. बुडालेला माल चोरणं म्हणजे इथे सरकारी खजिना चोरणं. सात वर्षं. सुनावणी ६ एप्रिलला आहे.

तुला एकच विचारतो आणि ते रागानेच विचारतो. मी लिहिलं होतं, टिचकी मारू नकोस. तू मारली नाहीस. मग ‘आवाजावरून ओळखते’ असं लिहिलंसच कशाला?

तरीही तू आता काही करू नकोस. पहिलं पत्र खोटं होतं असं लिहिलंस तर आप्पांच्या शिक्क्याला कोण विचारेल? दुकान तुझं आहे. काकांचं पोट त्यावर आहे. मी चुकलोय, मी भोगतो.

फुटक्या


२१ मार्च

फुटक्या,

तुझं पत्र वाचून मी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि पेंढ्याच्या ढिगावर बसले. काकांनी पाणी आणून दिलं. पत्रात काय आहे ते विचारलं नाही. त्यांना बहुतेक आधीपासून ठाऊक होतं.

तू रागाने विचारलंस, मी रागानेच उत्तर देते.

मी टिचकी मारली होती. धुतलेही होते.

माल आला त्याच दुपारी. वासाचं मी खरं लिहिलं होतं, पण पुढचं लिहिलं नाही. इतकी घाण अंगावर घेऊन माल आपल्या फळीवर बसलाय हे मला बघवेना. म्हटलं, शिंपले तर दोनशे वर्षांचे आहेत, नुसत्या पाण्याने थोडेच निघणार? चिखल जाईल, वास जाईल. कोमट पाण्याच्या दोन पिंपांत सगळे सोडले आणि गिऱ्हाईक बघायला पुढे गेले. तासाभराने आले तर अठ्ठावीस जसेच्या तसे, आणि बारा वाडगे उघडे! शिंपल्यांचा गाळ तळाशी आणि पाण्यावर सरसाचा तवंग. काका म्हणाले, ‘पेटीमास्तर बाजाची पेटी जोडायला वापरतात त्या सरसाचा वास आहे.’

मग मी टिचकी मारली. एकेकाला. अठ्ठावीस वाडगे जरा दबल्या आवाजात बोलले, म्हाताऱ्या माणसांसारखे, प्रत्येकाचा स्वर वेगळा. बारा वाडगे खणखणीत वाजले, आणि सगळे एकाच सुरात. एका साच्यातली भावंडं ती. मी काय ते समजले.

आणि मग मी काय केलं माहीत आहे? सरस आणला. पिंपाच्या तळाचा गाळ गाळून घेतला आणि दोन दिवस बसून ते बारा वाडगे परत चिकटवले. तुझ्यापेक्षा चांगले. शेटनी खोकी नेली तेव्हा त्यांच्या तोंडावर हसले.

तुला वाटलं तू फसवलंस. मला वाटलं कुणीतरी तुला फसवलंय, माझ्या भोळ्या भावाला, आणि हे बाहेर फुटलं तर परदेशात लोक त्याला हसतील. म्हणून पत्रात विचारलं, चाळीसही बघून घेतलेस ना? तू छातीठोकपणे हो म्हणालास. तेव्हाही मी ‘भोळा’च समजले. तपास अधिकाऱ्यांचं पत्र आलं तेव्हा तर सगळं झाकायला मीच पुढे. ज्या बाराबद्दल मला पक्कं माहीत होतं, ते खरे आहेत म्हणून मी शिक्का मारून लिहून दिलं. दोघं मिळून आपण आप्पांच्या पोटी काय जन्मलो!

मी तुझ्यावर चिडलेय. इतकी, की तू समोर असतास तर वय न बघता कानाखाली दिली असती. ‘मजा येत होती’ म्हणतोस? मलाही येत होती. तेच मला सहन होत नाहीये.

तो कपांचा डझन आठवतो? मी ‘मांजरीने पाडला’ म्हटलं. मांजर शेजारच्यांची होती. आप्पा रोज तिला आपल्यातलं दूध घालायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी दूध बंद केलं. ती पुढे महिनाभर दाराशी येऊन बसायची. मी बघायचे आणि आत जायचे. तू वाचलास म्हणून मला बरं वाटायचं. आप्पांना खरं कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

‘तू काही करू नकोस’ म्हणतोस. बारा वाडगे माझ्या हातचे चिकटवलेले आहेत. मी काहीच करू नको?

उद्या दुपारी शेटकडे जातेय.

ताई


२६ मार्च
(तपास अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राची ही प्रत, तुझ्यासाठी. सोबतचं खोकं त्यांच्या नावे विमानाने गेलं.)

महोदय,

२६ फेब्रुवारीला मी आपल्याला जे लिहिलं ते खोटं होतं. ते अनवधानाने लिहिलं नव्हतं, माहीत असून लिहिलं होतं. माझ्या भावाने मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं, उलट काहीच लिहू नकोस म्हणून कळवलं होतं. ते पत्र मला उशिरा मिळालं.

चाळीसपैकी बारा वाडगे नवे आहेत. ते माझ्या भावाने शिंपले चिकटवून जुने भासवले. माझ्या पिंपात ते शिंपले सुटले तेव्हा ते मी दुसऱ्यांदा चिकटवले. म्हणजे ह्या लबाडीत मी निम्मी भागीदार आहे.

चाळीसही वाडगे दुकानाच्या काट्यावर तोलले. शिंपले उतरवल्यावर बारांचं वजन प्रत्येकी तीनशे दहा ग्रॅम, एका ग्रॅमचाही फरक नाही. उरलेल्या अठ्ठाविसांत कुठलेही दोन वाडगे सारख्या वजनाचे नाहीत, कारण ते माणसाने हाताने घडवले आहेत. वजनांची यादी जोडली आहे. तोलताना हॉटेलचे मालक आणि तिथे जेवायला आलेली अकरा माणसं हजर होती. त्यांतल्या सात जणांनी सह्या दिल्या.

आपण म्हणाल, पहिल्यांदा शिक्का मारून खोटं लिहिणारी बाई दुसऱ्यांदा खरं लिहितेय हे कशावरून? बरोबर आहे. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. खोक्यात ते बारा वाडगे आहेत. मी ते फोडले आहेत. भंगलेली कड बघा, आतली माती दळलेल्या पिठासारखी एकसारखी पांढरी आहे. सोबत खऱ्या वाडग्याच्या बुडाचा एक टवका ठेवला आहे. तो समुद्रातच उडालेला होता आणि शिंपल्यांच्या थरात अडकून राहिला होता. तो आणि हे तुकडे शेजारी ठेवून आपल्या जाणकाराला विचारा.

आणखी एक. चिनी मातीच्या धंद्यातला माणूस दोनशे वर्षं टिकलेलं भांडं स्वतःच्या हाताने फोडत नाही. हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

ह्या पत्रावर शिक्का मारलेला नाही. तो आता मी वापरणार नाही. नुसती सही आहे.


२६ मार्च, त्याच दिवशी

फुटक्या,

वरचं अधिकाऱ्यांसाठी, हे तुझ्यासाठी.

शेटकडे ऐन जेवणाच्या वेळी गेले. काका काटा डोक्यावर घेऊन मागे. शेटनी मला आत बोलावून दार लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग काय म्हणाले असतील? ‘बाई, कोण बघतंय? कपाट बंद आहे, दिवे लागलेत, लोक खूश आहेत. झाकली मूठ. तुम्ही गप्प, मी गप्प.’

खोटं नाही सांगत, माझे पाय क्षणभर तिथेच घुटमळले. फक्त गप्पच तर बसायचं होतं. ते मला चांगलं येतं.

पण त्यांनी अगदी तुझेच शब्द वापरले होते. कोण बघतंय. म्हटलं, शेट, कपाट उघडा, नाहीतर मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. तरी त्यांनी किल्ली काढली नाही. मग मी बाहेर आले आणि जेवणाऱ्या माणसांसमोर उभी राहून सांगितलं. घास हातात धरून माणसं बघत होती. आवाज फाटला माझा. काका काटा मांडत होते. तेव्हा कुठे शेटनी किल्ली काढून दिली, मी बारांचे शिंपले कोमट पाण्यात उतरवले आणि सगळ्यांसमोर माल तोलला.

बारा वाडगे मागच्या अंगणात नेऊन फोडले. पहिला फुटेना. तीनदा आपटला. चांगला माल आहे रे तुझ्या त्या कारखानदाराचा, त्याने आपल्या नावाने विकला असता तर मी डोळे झाकून शंभर डझन घेतले असते. मग एकदाचे फुटले. बारावा फोडताना मी रडत होते आणि काका म्हणाले, ‘पुरे आता, झाला डझन.’

शेटनी अठ्ठावीस परत पाठवले. ह्यापुढे आपल्याकडून एक चमचाही घेणार नाहीत म्हणे. बाजारात गेले की दोन दुकानदार बोलता बोलता गप्प होतात. चालायचंच.

खोकं वेळेत पोचतंय का, एवढीच धाकधूक आहे. आज सव्वीस. विमानाला आठ दिवस म्हणाले. तपासणीत अडकलं तर दहा. तुझी सुनावणी सहाला. सकाळपासून मी बोटांवर मोजतेय आणि दर वेळी आकडा तोच येतो.

ताई


९ एप्रिल

ताई,

खोकं सुनावणीच्या दिवशी सकाळी पोचलं. अकराला बोलावणं होतं, साडेनऊला शिपाई ते डोक्यावर घेऊन आला. बाहेरच्या बाकावर बसून मी त्यावरचं तुझं अक्षर बघितलं. ‘जपून, आत फुटलेला माल आहे’ असं तू लिहिलं होतंस. शिपाई मला म्हणाला, फुटलाच आहे तर जपायचं कशाला?

आत तपास अधिकाऱ्यांनी तुकडे टेबलावर ओतले. त्यांचा भांड्यांचा जाणकार म्हातारा होता. त्याने आधी वजनांची यादी वाचली, मग टवका आणि तुकडा खिडकीपाशी नेले. मला वाटलं, आता सात वर्षं. म्हातारा परत आला आणि म्हणाला, ‘हे बारा गेल्या वर्षीचे आहेत.’ मग तुझं पत्र परत मागून घेतलं आणि ते भांडं फोडण्याबद्दलचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, ‘हे मात्र मला सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षांत मी एक फोडलेलं नाही.’

चोरीचा आरोप गेला. नकली माल जुना म्हणून पाठवल्याबद्दल खरेदीचा परवाना कायमचा रद्द. ह्या बंदरातून मी आता एक बशीही पाठवू शकणार नाही. गोदामातले पंधरा वाडगे अजून सापडलेले नाहीत. पासपोर्ट मिळाला.

जाताना अधिकारी म्हणाले, ‘तुझ्या बहिणीचं पहिलं पत्र वाचून मला तिची कीव आली होती. दुसरं वाचून तुझा हेवा वाटला.’

ताई, आप्पांना कळलं होतं. मी तुला कधी सांगितलं नाही. कपांच्या त्या डझनानंतर काही दिवसांनी त्यांनी मला एकट्याला गोदामात नेलं, मी पेंढ्यामागे दडवलेले काही तुकडे दाखवले आणि म्हणाले, ‘हे मांजरीने लपवले का?’ मी हो म्हटलं. ते निघून गेले. दूध त्यांनी त्यानंतर बंद केलं. मला वाटतं, ते आपल्यापैकी कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. दोघंही बोललो नाही.

पंधरवड्याने निघतोय. माझ्याकडे ना परवाना, ना गिऱ्हाईक, ना तोंड. तू जर म्हणालीस नको येऊस, तर तेही बरोबरच. आलो, तर दारातच थांबवून टिचकी मारून बघ. बद्द वाजलो तर आत घेऊ नकोस.

फुटक्या


१८ एप्रिल

फुटक्या,

ये.

टिचकी नंतर. आपल्याकडे माल आधी धुतात. काकांनी पिंप भरून ठेवलंय, आणि अठ्ठावीस वाडग्यांतलं मीठ काढायला त्यांना गोड्या पाण्यात ठेवून ते रोज बदलावं लागतं, नाहीतर झिलई सुटते असं तुमच्या त्या जाणकार म्हाताऱ्याने कळवलंय. वर्षभर बदलायचं आहे. ते काम तुझं.

शेजारी आता नवे लोक राहतात. त्यांच्याकडेही एक मांजर आहे. येताना दूध घेऊन ये.

ताई